लिनक्सला भिऊ नका, चार जीबीला भ्या

पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मी शिवणकाम करते, आमच्या बचत गटाचा हिशेबही माझ्याकडेच असतो. मोठी मुलगी बेळगावला बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, रोज बसनं जाऊन येऊन करते. धाकटा नववीत, मराठी शाळेत. मुलीला लॅपटॉप पाहिजे. जमवलेले १८ हजार आहेत. तिनं इंटरनेटवर ११ इंची, लिनक्सवाला छोटा लॅपटॉप बघून ठेवलाय, १४ हजारांचा. हलका आहे, नवा आहे, तोच पाहिजे म्हणते. माझा भाऊ म्हणतो, लिनक्स इथं कोण वापरतंय, पैसे पाण्यात जातील, त्यापेक्षा हप्त्यावर ३५ हजारांचा विंडोजवाला घे. दुकानदार म्हणतो, लिनक्सवालाच घ्या, मी त्यात विंडोज फुकट घालून देतो. तिघं तीन तऱ्हेचं बोलतात आणि मला त्यातलं काही कळत नाही. कुणाचं ऐकू?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर

ताई, आधी निकाल सांगते, कारणं मागून. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी मूळ प्रणाली, फक्त ती फुकट मिळते. लिनक्सच्या बाबतीत तुमच्या लेकीचं बरोबर आहे. लॅपटॉप निवडण्यात मात्र ती चुकतेय. हप्ता काढू नका. याच पैशात जवळजवळ तेवढाच लहान, पण एखाद्या कंपनीच्या ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप घ्या, त्यात आठ जीबी रॅम (चालू कामं धरून ठेवणारी जागा) बघून घ्या आणि त्यावर लिनक्स टाका. दुकानदाराच्या फुकटच्या विंडोजला हात लावू नका. परवाना चुकवायला जी सॉफ्टवेअरं त्यात घालतात, त्यांच्यासोबत दुसरं काय आत येतं ते त्या दुकानदारालाही ठाऊक नसतं. ज्या यंत्रावर तुम्ही गटाचा हिशेब ठेवणार आणि बँकेचं खातं उघडणार, तिथं असली चीज नको.

आता भावाचं म्हणणं. लिनक्स कोण वापरतंय, असं ते विचारतात. त्यांच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या मुळाशी लिनक्सच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. एवढं लांब जायचं नसेल तर केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांतली पोरं कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच देतात. तेव्हा ही काही हौशी लोकांची खटपट राहिलेली नाही. आणि तुमची मुलगी बीसीए करतेय! सी, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, जावा, पायथन हे सगळं लिनक्सवर फुकट मिळतं आणि सुरळीत चालतं. उद्या नोकरीत तिनं लिहिलेला प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर जाऊन बसेल तोही बहुतेक लिनक्सचाच असेल. कॉमर्सच्या मुलीला मी वेगळा सल्ला दिला असता, तो पुढं येईलच.

भावाच्या बोलण्यात एक खरी गोष्ट मात्र आहे. बिघडलं तर न्यायचं कुणाकडं? त्याकडं शेवटी येते.

छोटा लॅपटॉप मुलीला का आवडला असेल हे मला नीट समजतं, आणि त्याला हट्ट म्हणून बाजूला सारू नका. ११ जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाली, बायकांना बस मोफत झाली, तुमच्या मुलीच्या पासाचे पैसे वाचले. पण सकाळच्या खानापूर-बेळगाव बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्यात पाठीवर अडीच किलोचं १५ इंची धूड घेऊन रोज येणंजाणं म्हणजे महिन्याभरात ते घरीच राहायला लागतं. किलोभराचा लॅपटॉप वहीसारखा सॅकमध्ये जातो. दुसरं, तो वीज कमी खातो. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं एकदा वीज गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो, तिथं सहा-आठ तास चालणाऱ्या बॅटरीची किंमत पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायची नाही. पुष्कळ छोट्या लॅपटॉपांत पंखाच नसतो, म्हणजे आवाज नाही आणि आत धूळ ओढली जात नाही. पडला, हरवला तरी नुकसान तेवढ्यापुरतं. हे गुण खरे आहेत.

या जातीच्या यंत्रांची सुरुवातही याच गुणांवर झाली. २००७ च्या ऑक्टोबरात असूसनं ईईई पीसी नावाचा सात इंची लॅपटॉप काढला. ५१२ एमबी रॅम, चार जीबीची साठवण आणि आत लिनक्स. लोकांनी उड्या मारल्या. वर्षभरात एसर, डेल, एमएसआय सगळ्यांनी आपापले छोटे लॅपटॉप आणले. मग परतावे सुरू झाले. २००८ मध्ये एमएसआयच्या एका अधिकाऱ्यानं उघड सांगितलं की लिनक्सवाले लॅपटॉप विंडोज एक्सपीवाल्यांच्या चौपट परत येतात. यंत्र बिघडलेलं नसायचं. घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे दुकानात कुणी सांगितलेलं नसायचं, घरी जाऊन उघडल्यावर ओळखीचं काही दिसायचं नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पैसे मोजण्याआधी मुलीनं लिनक्स वापरून बघावं. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक सोपा प्रकार, घालता येतं आणि तो पेनड्राइव्ह लावून कुठलाही संगणक सुरू करता येतो. आतल्या विंडोजला, फायलींना धक्का लागत नाही. भावाकडं किंवा मैत्रिणीकडं संगणक असेल तर त्यावर ती दोन-तीन दिवस बसू दे. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. तिला ते जमतंय का, रुचतंय का, एवढंच बघायचंय.

आता त्या १४ हजारांच्या लॅपटॉपमध्ये मला काय खटकतं ते सांगते. या किमतीच्या नव्या, ११ इंची यंत्रांत बहुतेक वेळा चार जीबी रॅम असते आणि ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते. नंतर वाढवता येत नाही, पैसे असले तरी नाही. साठवण ६४ जीबीची, ती ईएमएमसी जातीची, म्हणजे फोनात असते तसली आणि तीही सोल्डर केलेली. एसएसडी नावाच्या वेगवान साठवणीपेक्षा ती बरीच मंद असते. लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती सुरू झाली की साधारण एक जीबी खाते, त्यामुळं पहिल्या दिवशी लॅपटॉप छान पळतो. मग मुलगी ब्राउजर उघडते. एका टॅबमध्ये मीटवर वर्ग, दुसऱ्यात यूट्यूब, तिसऱ्यात व्हॉट्सअॅप वेब, बाजूला कोड लिहायचा एडिटर. चार जीबी संपली. रॅम संपली की लिनक्स साठवणीतली जागा रॅमसारखी वापरू लागतं, आणि साठवणच मंद असली की बाण सरकेनासा होतो, बटण दाबलं तर उत्तर यायला वेळ लागतो. लोक अशा वेळी लिनक्सला शिव्या घालतात. त्याच यंत्रावर विंडोज टाकलं तर ते आणखी रखडेल. दोष रॅमचा आहे.

तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. मुलीनं फोनचं अॅप करायचं ठरवलं तर अँड्रॉइड स्टुडिओला किमान आठ जीबी रॅम लागते. पडद्यावर खोटा फोन उभा करून अॅप चालवायचं तर आठही कमी पडतात, तेव्हा वायर लावून स्वतःच्या फोनवर अॅप तपासायचं, ते चालतं. चार जीबीत मात्र सुरुवातच होत नाही. म्हणजे दोन वर्षांनी, नेमक्या गरजेच्या वेळी, तुम्हाला पुन्हा लॅपटॉप घ्यावा लागेल.

तुम्ही शिवणकाम करता म्हणून सांगते. जुनं लोखंडी शिलाई मशीन आणि ऑनलाइन मिळणारं प्लॅस्टिकचं छोटं मशीन यांत जो फरक, तोच इथं आहे. लोखंडी मशीनचा पट्टा, शटल, बॉबीन केस, सगळं बदलून मिळतं. प्लॅस्टिकच्या मशीनचं एक चाक झिजलं की अख्खं मशीनच टाकायचं.

आणखी एक सावधगिरी. जाहिरातीत ‘लिनक्सवर आधारित’ लिहिलं म्हणजे आत आपल्याला हवं ते लिनक्स असतंच असं नाही. जिओबुक घ्या. २०२३ मध्ये तो १६,४९९ रुपयांना आला, किलोभराहून हलका, चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. त्यातली जिओओएस अँड्रॉइडच्या पायावर उभी आहे. शाळकरी पोराला धडे बघायला, लिहायला तसलं यंत्र पुरतं. पण बीसीएच्या मुलीला हवं ते सॉफ्टवेअर त्यात हवं तसं बसत नाही, आणि आतला प्रोसेसर, म्हणजे काम करणारी मुख्य चिप, फोनाच्या जातीचा असल्यानं मिंटसारखं नेहमीचं लिनक्सही वरून टाकता येत नाही. मुलीनं बघितलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर कुठला आहे तेवढं तिला वाचायला सांगा. मीडियाटेक असं लिहिलं असेल तर विषय तिथंच संपला.

मग घ्यायचं काय? डेलचा लॅटिट्यूड ७२८०, लेनोवोचा थिंकपॅड एक्स२७०, एचपीचा एलिटबुक ८२० जी३. तिघांचाही पडदा साडेबारा इंची, वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास. हे मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकांना दिलेले लॅपटॉप. तीन-चार वर्षांनी कंपन्या ते एकगठ्ठा काढून टाकतात आणि दुरुस्त होऊन ते बाजारात येतात. तिन्हींत रॅम खाचेत बसवलेली आहे, काढून मोठी घालता येते, एसएसडीही बदलता येते. थिंकपॅड एक्स२८० दिसायला छान आहे, पण त्यात रॅम सोल्डर केलेली असते, तो घ्यायचा तर आठ जीबीवालाच. आय५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी एवढं मागा. दर दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतो, तरी तुमच्या १८ हजारांत बसेल असं बघा, आणि हजार-दीड हजार बॅटरीसाठी बाजूला ठेवा.

हे लॅपटॉप आता आणखी घासाघीस करून मिळण्याचं कारणही विंडोजच आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला आधार देणं थांबवलं. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर चालतं. वर सांगितलेल्या तिघांसारखी सहाव्या, सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं त्यामुळं एकाएकी बिनकामाची ठरली. लिनक्सला त्यांचं काही वावडं नाही. मिंटची २०२४ मध्ये आलेली २२ मालिका २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देणार आहे, तोवर मुलीची पदवी होऊन जाईल.

जुनं यंत्र घेताना दुकानात अर्धा तास बसायची तयारी ठेवा, दुकानदारानं तोंड वाकडं केलं तरी. मिंटचा तोच पेनड्राइव्ह सोबत न्या आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. सुरू करतानाच बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) शिरून बघायचं, डेलला एफ२, लेनोवोला एफ१, एचपीला एफ१०. तिथं पासवर्ड विचारला तर तो लॅपटॉप घेऊ नका. जुन्या कंपनीनं घातलेलं ते कुलूप काढणं दुकानदारालाही सहसा जमत नाही. मग वायफाय लागतंय का बघा, कारण लिनक्सवर सर्वांत जास्त कुरकुर त्याचीच असते. स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावून बघा. यूट्यूबवर एक गाणं लावा, म्हणजे आवाज आणि चित्र दोन्ही कळतात. कॅमेरा उघडा. झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडा, यंत्र जागं होतंय का, वायफाय परत लागतंय का बघा. सगळी बटणं एकदा दाबून बघायची, मुलीलाच दाबू दे. बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आता किती उरलीय हे लिनक्समध्ये दिसतं, ती निम्म्याखाली गेली असेल तर किंमत कमी करा किंवा नवी बॅटरी मागा. बिजागऱ्या सैल नकोत. आणि पक्कं बिल, त्यावर वॉरंटी किती महिन्यांची ते लिहून घ्या. तोंडी वॉरंटी धरू नका.

आता लिनक्सवर काय होत नाही ते सांगते, म्हणजे नंतर मला दोष देऊ नका. टॅली चालत नाही, ते हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे. मुलगी बीकॉमला असती तर म्हणूनच मी विंडोज सांगितलं असतं. ऑटोकॅड चालत नाही, धाकट्यानं दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतला तर तेव्हा वेगळा विचार करावा लागेल. मायक्रोसॉफ्ट ऑफिस बसत नाही, त्याच्या जागी लिब्रेऑफिस असतं. बचत गटाचे जमा-खर्च, कर्जाचे हप्ते, व्याज, सगळं त्यात होतं. कॉलेजनं दिलेली वर्डची फाइल उघडते, पण कधीकधी ओळी इकडच्या तिकडं जातात, तेव्हा जमा करायची फाइल पीडीएफ करूनच पाठवायची. झेरॉक्सच्या दुकानातही पीडीएफच न्यायची. घरी प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर कॅननचा २९०० सेकंडहँड मिळतो म्हणून घेऊ नका, लिनक्सवर त्याच्याशी झटापट करावी लागते. काही परीक्षा सेफ एक्झाम ब्राउजर नावाच्या बंदिस्त ब्राउजरमध्ये घेतात, तो लिनक्सवर नाही. कॉलेजची अशी ऑनलाइन परीक्षा असते का हे मुलीनं आजच तिच्या सरांना विचारावं. असली तर त्या दिवशी लॅबमधल्या संगणकावर बसायची सोय करून घ्यावी.

श्री-लिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली पत्रिका, अहवाल असं काही तुमच्याकडं जुनं असेल तर ते लिनक्सवर तसंच्या तसं उघडणार नाही, ते विंडोजवरच युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या.

टायपिंगचा विषय निघालाच आहे तर यात आपल्या भागासाठी मला फार मोलाची वाटणारी गोष्ट सांगते. आपल्या पोरांना तीन लिप्यांत लिहावं लागतं. घरचं, गटाचं मराठीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये, कॉलेजचं इंग्रजीत. कन्नड गणक परिषदेनं कन्नडसाठी जी कळपाटी (कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी) बसवली, नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमुळं कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांत जी पोचली, तीच कळपाटी लिनक्समध्ये कन्नडसाठीही दिलेली आहे आणि मराठीसाठीही. सेटिंगमध्ये कीबोर्डच्या यादीत दोन्ही भाषांखाली ‘कगप’ असं इंग्रजी अक्षरांत सापडेल. म्हणजे मुलीची बोटं एकदा कन्नडवर बसली की त्याच बोटांनी मराठी उमटतं. इनस्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीचंही तसंच, क चं बटण दोन्ही लिप्यांत एकच. वेगळं सॉफ्टवेअर नको, पैसे नकोत, दोन कळा दाबल्या की भाषा बदलते. सीमाभागातल्या मुलीच्या हातात ही गोष्ट असायलाच हवी. कन्नड येतं पण टाइप करता येत नाही म्हणून मागं राहिलेली आपली पोरं मी बघते, तेव्हा वाईट वाटतं. कर्नाटक सरकारच्या भूमी संकेतस्थळावरचा जमिनीचा उतारा, सेवा सिंधू संकेतस्थळावरचे अर्ज ब्राउजरमध्ये उघडतात, त्यासाठी विंडोज लागत नाही.

आता भावाचा प्रश्न. खानापुरात लिनक्स दुरुस्त करणारा शोधायला गेलात तर वेळ जाईल. यंत्राचा बिघाड, म्हणजे बॅटरी, पडदा, कीबोर्ड, हा कुठलाही दुरुस्तीवाला काढतो, त्याला आत काय चालतंय याच्याशी देणंघेणं नसतं. फक्त लॅपटॉप देताना ‘आतलं काही पुसू नका’ हे कागदावर लिहून चिकटवा, नाहीतर सवयीनं तो सगळं साफ करून विंडोज टाकून देईल. सॉफ्टवेअरचा बिघाड मुलीनं स्वतः काढायचा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते. सगळं नीट चालू असताना तिनं एक प्रत काढून ठेवायची आणि काही बिनसलं तर त्या दिवसावर परत जायचं. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फायली सांभाळतं, अभ्यासाच्या फायली नाही, त्या दर रविवारी वेगळ्या पेनड्राइव्हवर. आणि तो मिंटचा पेनड्राइव्ह पुसू नका, कपाटात ठेवा, अगदीच अडलं तर तासाभरात सगळं नव्यानं बसवता येतं. हे तिला पहिल्यांदा अवघड जाईल. पण संगणक शिकणाऱ्या मुलीनं स्वतःचा संगणक उघडून बसवला तर त्यातून ती जे शिकेल ते तिच्या विषयाचंच आहे, त्यात वेळ वाया गेला असं तिला म्हणू नका.

इंटरनेट फोनवरूनच घेणार असाल तर वायर लावून फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, लिनक्स ते लगेच ओळखतं आणि फोनची बॅटरीही उतरत नाही. मोठे अपडेट कॉलेजच्या वायफायवर घ्यायला सांगा.

लॅपटॉप घरी आला की तिघांची तीन खाती करा, मुलीचं, धाकट्याचं आणि तुमचं. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहतात, गटाचा हिशेब चुकून पुसला जात नाही. नवं सॉफ्टवेअर बसवायचा अधिकार फक्त मुलीच्या खात्याला ठेवा. तुमच्या खात्यात कीबोर्ड मराठी करून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात या महिन्याचा गटाचा हिशेब त्यात उतरवा, वहीत तर लिहिताच, दोन महिने दोन्हीकडं लिहा.